स्थलनामांवाचून प्रवास : मराठी सागरप्रवासवर्णनांची भाषा

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात एका सागरप्रवासवर्णनातील उतारा शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने शंका विचारली. उताऱ्यातील लेखकाला ‘बोट लागली’ होती. विद्यार्थिनीचा प्रश्न असा, की बोट किनाऱ्याला लागली असेल तर उतरायचे सोडून लेखक आडवा का पडून राहिला? वर्ग हसला. शंका मात्र हसण्यासारखी नव्हती. मराठीत बोट धक्क्याला लागते आणि माणसालाही लागते. शिवाय बोट हाताला असते ते वेगळेच. तिला मी एस.टी.चे उदाहरण दिले. गाडी फलाटावर लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते, हे दोन्ही तिला ठाऊक होते. अर्थ तिला क्षणात उमगला. पण त्या क्षणी माझ्याही ध्यानात आले, की समुद्रावरच्या अनुभवाला लेखकाने जो शब्द वापरला होता तो मुळात समुद्राचा नव्हताच. तो जमिनीवरून बोटीत चढलेला शब्द होता.

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्या महाविद्यालयांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी समुद्र चित्रपटात पाहिलेला असतो. काहींनी मुंबईच्या सहलीत चौपाटीवरून पाहिलेला असतो. जहाजाने प्रवास केलेला विद्यार्थी विरळाच, आणि प्राध्यापकही. अशा वाचकासमोर सागरप्रवासाचे वर्णन येते तेव्हा त्याला समुद्र कशाच्या आधारे दिसतो, हा प्रश्न केवळ अध्यापनाचा नाही. मराठी गद्याने समुद्र कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या वाक्यरचनेने पकडला, असा तो भाषेचाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे. डॉ. वसंत सावंत यांच्या ‘प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार’ या ग्रंथापासून प्रवासवर्णनाची वाङ्मयीन चर्चा आपल्याकडे रुजली आहे, येथील लक्ष्य त्याहून मर्यादित, म्हणजे वाक्य आणि शब्द एवढेच आहे.

भवसागर आणि खरा सागर

मराठवाड्याच्या वाङ्मयीन स्मृतीत समुद्र आहे, पण तो भवसागर आहे. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांच्या परंपरेतून भवसिंधू, पैलतीर, तारू, तारणारा नावाडी ही सारी प्रतिमासृष्टी येथल्या निरक्षर माणसाच्याही बोलण्यात उतरली. समुद्र न पाहिलेल्या समाजाजवळ समुद्राची प्रतिमा मात्र पूर्णपणे सिद्ध होती. तिच्यात समुद्र हा पार करण्याचा विषय असतो, पाहण्याचा नव्हे. त्याला रंग, वास किंवा तापमान नसते. एकोणिसाव्या शतकात मराठी माणूस आगबोटीत बसून खऱ्या समुद्रावर गेला तेव्हा हे तयार रूपक त्याच्या सामानात होतेच. ते बाजूला ठेवून पाण्याकडे पाहणे, ही या गद्याची पहिली अडचण होती.

दुसरी अडचण धर्मशास्त्राने निर्माण केलेली होती. समुद्रगमन निषिद्ध मानले गेल्यामुळे त्या कृतीला ‘उल्लंघन’ हा शब्द चिकटला. ‘समुद्रोल्लंघन’ म्हटले की हनुमंताचा पराक्रमही आठवतो आणि मर्यादाभंगही. परदेशी जाणाऱ्याला बोटीत चढण्यापूर्वीच आपल्या जाण्याचे समर्थन करावे लागे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर भाषण केले ते याच कारणासाठी. त्यामुळे आरंभीच्या सागरप्रवासलेखनात समुद्राच्या वर्णनापूर्वी, आणि पुष्कळदा त्याच्या आत, एक वाद चाललेला असतो. लेखक लाटा पाहत असतो, पण त्याचा एक कान किनाऱ्यावरील लोकांकडे लागलेला असतो.

गावांची नावे संपतात तेथे

मराठी प्रवासलेखनाचे मूळ स्वरूप स्थलनामांचे आहे. नामदेवांच्या नावावरील ‘तीर्थावळी’ काय किंवा ‘लीळाचरित्र’ काय, प्रवास म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे, आणि प्रत्येक गाव नावानिशी येणे. महानुभावांनी तर ‘स्थानपोथी’ रचून चक्रधरस्वामी कोठे बसले, कोठे निजले, त्या जागा नोंदवून ठेवल्या. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८५७ च्या धामधुमीतील वाटचाल आहे. तीही मुक्कामांच्या मालिकेतून उलगडते. गोडसे वरसईचे, म्हणजे कोकणचे. तरी त्यांच्या कथनाची चाल पूर्णपणे जमिनीवरची आहे. गाव, नदी, घाट, धर्मशाळा, ओळखीचा माणूस, पुन्हा गाव.

समुद्रावर ही सोय नाहीशी होते. मुंबई सोडल्यावर एडन येईपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरांच्या मार्गात नाव घेण्यासारखे ठिकाण वाटेत लागत नाही. त्या काळच्या आगबोटीला हे अंतर तोडायला पाच-सात दिवस लागत. अलीकडे, पलीकडे, वेशीपाशी, ओढ्याच्या काठी, ही शब्दयोगी अव्ययांची आपली सारी संपत्ती तेथे निकामी ठरते. पाण्याच्या अलीकडेही पाणीच असते. स्थळ हरवलेल्या या गद्याला दुसरा आधार शोधावा लागतो आणि तो त्याला दोन ठिकाणी सापडतो : काळात आणि देहात.

१८८३ च्या एप्रिलमध्ये दोन मराठी स्त्रिया वेगवेगळ्या बंदरांतून समुद्रावर गेल्या. आनंदीबाई ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. एकूण ५८ दिवस. पंडिता रमाबाई त्याच महिन्यात, नुकतीच दोन वर्षांची झालेली मुलगी मनोरमा हिला घेऊन, मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. रमाबाईंनी आपल्या प्रवासाचा वृत्तान्त सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या दीर्घ पत्राच्या रूपाने पाठविला आणि केळकरांनी तो त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. पत्र हा रचनाबंध येथे महत्त्वाचा वाटतो. पत्रलेखकाला समोर एक ठराविक माणूस दिसत असतो. त्याने काय पाहिले आहे, काय पाहिलेले नाही, कोणती तुलना त्याला पटेल, याचा अंदाज घेतच वाक्य लिहिले जाते. समुद्र न ओलांडलेल्या वाचकाला समुद्र सांगण्याची मराठी रीत बऱ्याच अंशी या पत्रशैलीतून घडली, असे मला वाटते. पुढे १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतचा प्रवास सांगितला. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्यांनी १८८६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे उत्तर अटलांटिक अत्यंत खवळलेला असतो अशा ऋतूत, तो समुद्र ओलांडला होता. या दुसऱ्या ग्रंथाचा वाचक एक व्यक्ती नाही, समाज आहे. आणि वाक्यांचा घाटही त्यानुसार बदलला आहे. एकाच लेखिकेची ही दोन पुस्तके वर्गात शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत.

कर्ता हरवलेली क्रियापदे

काळ आणि देह यांचा आधार घ्यायचा म्हटला की मराठी व्याकरण लेखकाच्या मदतीला येते, आणि ते कसे येते हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे.

शालेय व्याकरणात भावकर्तृक किंवा अकर्तृक क्रियापदे शिकविताना आपण ठरलेली उदाहरणे देतो : उजाडले, सांजावले, गडगडते, मळमळते. या क्रियापदांना स्पष्ट कर्ता नसतो; क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता. आता ही चार क्रियापदे एका ओळीत ठेवून पाहावीत. पहाट, संध्याकाळ, ढगांचा आवाज आणि पोटातील ढवळाढवळ, बोटीवरच्या दिवसात याहून अधिक काय घडते? व्याकरणाच्या पुस्तकात केवळ अपवाद म्हणून नोंदलेला हा गट सागरप्रवासवर्णनात वाक्यांचा कणा होऊन बसतो. जमिनीवरचा प्रवासी ‘मी चाललो’, ‘मी नदी उतरलो’, ‘मी मुक्काम केला’ असे लिहितो. बोटीवरचा प्रवासी काही करीत नाही. त्याच्या बाबतीत उजाडते, सांजावते आणि मळमळते.

‘बोट लागणे’ या प्रयोगाकडे पुन्हा वळतो. ‘मला बोट लागली’ या वाक्यात कर्ता बोट आहे. माणूस ‘मला’ या रूपाने केवळ सोसणारा आहे. भूक लागते, वेड लागते, नजर लागते, तशी बोट लागते. मराठीत जे जे माणसाला न विचारता येऊन धरते त्याच्यासाठी ‘लागणे’ हे क्रियापद राखून ठेवलेले दिसते. एका अर्थी या दोन शब्दांत सागरप्रवासाचे सारे मानसशास्त्र आलेले आहे. घरून निश्चयाने निघालेला, लोकनिंदा पत्करून बोटीत चढलेला माणूस पहिल्या रात्रीच वाक्यातील कर्तेपद गमावतो.

काळाच्या बाबतीत दोन रचना लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, रीती भूतकाळाची जुनी रूपे : दिसे, येई, वाटे, निघे. दुसरी, ‘-आवे’ या प्रत्ययाची कथनात वापरली जाणारी रूपे. नमुन्यादाखल मीच एक वाक्य रचतो : सकाळी उठावे, डेकवर जावे, पाणी पाहावे, खाली यावे, पुन्हा वर जावे. येथे विध्यर्थाचा मूळ अर्थ, म्हणजे आज्ञा, इच्छा किंवा कर्तव्य, यांपैकी काहीच नाही. आहे तो केवळ पुनरावृत्तीचा कंटाळा. कर्ता येथेही गळलेला आहे. पाच दिवसांचे वर्णन पाच ओळींत करायचे आणि तरी ते पाच दिवस लांब वाटले पाहिजेत, ही अडचण या एका प्रत्ययाने सुटते. मग एकदम साधा भूतकाळ येतो, ‘पक्षी दिसला’, ‘दिवा दिसला’, आणि वाचकाच्याही मानेला झटका बसतो. जमीन जवळ आल्याची बातमी आशयाच्या आधी काळरूपाने दिलेली असते. विद्यार्थ्यांना काळ व अर्थ शिकविण्यासाठी याहून चांगला गद्यखंड शोधूनही सापडणार नाही.

लिंगव्यवस्थेविषयी ओझरते एवढेच. समुद्र आणि दर्या पुल्लिंगी, गलबत आणि जहाज नपुंसकलिंगी, बोट आणि आगबोट स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘जहाज निघाले’ ही वार्ता वाटते, तर ‘बोट निघाली’ म्हटले की कोणीतरी माहेराहून निघाल्यासारखे वाटते.

घागर, पाळणा, नांगर

समुद्राच्या हालचालीसाठी मराठी लेखक जे शब्द योजतो त्यांचे मूळ तपासले तर ते घरात सापडते. हेलकावे झोपाळ्याचे आणि पाळण्याचे. हिंदकळणे आणि डचमळणे भरल्या भांड्याचे. ‘हिंदकळणे’ हा शब्द लातूरच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. डोक्यावरच्या घागरीतले पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून मान कशी धरायची, हे ज्या घरांतील मुलींना ठाऊक आहे त्या मुली अथांग पाण्यावरील बोटीचे हिंदकळणे वाचतात, तेव्हा हा शब्द त्यांच्यासाठी अलंकार राहत नाही. समुद्र पाहिलेल्या वाचकापेक्षा त्यांना येथे काही अधिकच कळत असेल. किनाऱ्यापासून दूर असणे ही वाचनातील उणीव आहे असे आपण गृहीत धरतो. या शब्दापुरते तरी ते गृहीतक टिकत नाही.

याउलट ‘गाज’ हा शब्द पाहावा. नदी खळखळते, ओढा झुळझुळतो, पण अखंड, खोल, रात्रीही न थांबणारा समुद्राचा आवाज गोदाकाठी नाही, म्हणून त्याचा शब्दही येथल्या बोलीत नाही. किनाऱ्याकडील लेखकांनी तो प्रमाण गद्यात आणला. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाने ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ हे शब्द असेच देशावरच्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचविले. गंमत अशी, की ‘मतलई’ हा कोकणी दर्यावर्दींचा खास शब्द मराठवाड्यातील विद्यार्थ्याला दोन गुणांच्या प्रश्नामुळे पाठ असतो.

सर्वांत बोलका शब्द ‘नांगर’. शेतात चालतो तोही नांगर आणि समुद्रतळाशी रुततो तोही नांगर. दोहोंचे कुळ मात्र निराळे आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला, जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’पासून. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत एकाच उच्चारात येऊन मिळाले. फारसीत ‘लंगर’चा अर्थ जहाजाचा नांगर असा आहे, तसाच अन्नछत्र असाही आहे. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोज चालणारा लंगर हा त्याच शब्दाचा दुसरा किनारा. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शहरात नांगराचे मूळ नाव रोजच्या पंगतीत ऐकू येते.

ध्वनिसाम्यातून घडलेल्या या योगायोगाचा अर्थावर परिणाम होतोच. ‘बोटीने नांगर टाकला’ हे वाक्य वाचताना देशावरचा विद्यार्थी लोखंडी फाळ पाण्यात पडताना पाहतो, आणि ती प्रतिमा फारशी चुकीचीही नाही. जमीन धरून ठेवणे हेच दोन्ही नांगरांचे काम. याच वस्तूवरून जोसेफ कॉनराड या खलाशी-कादंबरीकाराने ‘द मिरर ऑफ द सी’ (१९०६) या पुस्तकात वृत्तपत्रांवर टीका केली आहे. नांगर ‘फेकला’ असे पत्रकार लिहितात. जहाजावरचा माणूस तसे कधी म्हणत नाही, कारण नांगर फेकला जात नाही, आधीच लोंबत असलेला तो फक्त सोडला जातो, असा त्याचा मुद्दा. कॉनराडची तक्रार एका क्रियापदाविषयी आहे, पण तिच्यामागे कामाच्या भाषेचा सन्मान आहे. मराठी सागरप्रवासवर्णनांना हा निकष लावला तर काय दिसते, याचा विचार पुढे केला आहे.

तळघरातला प्रवास

तत्पूर्वी एका वेगळ्या प्रवासाची नोंद करणे आवश्यक आहे. वि. दा. सावरकर १९०६ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा ते प्रवासी होते. १९११ मध्ये ‘महाराजा’ या आगबोटीतून अंदमानला गेले तेव्हा बंदी होते. १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेल्या त्यांच्या कवितेत समुद्राला थेट संबोधन आहे. समुद्र तेथे एक व्यक्ती आहे. त्याच्याशी भांडता येते, त्याला दोष देता येतो. ‘माझी जन्मठेप’ (१९२७) मधील अंदमानच्या प्रवासात मात्र समुद्र जवळजवळ नाहीच. आहे तो पिंजरा, दाटीवाटीने कोंबलेले बंदी, मलमूत्राच्या पिंपाशेजारची जागा आणि दुर्गंधी. त्या गद्यात डोळ्यांचे काम नाकाने केले आहे. एरवी प्रवासवर्णन ज्याच्यावर जगते ते क्षितिज येथे लेखकाला नाकारलेले आहे. सागरप्रवासाची भाषा केवळ समुद्रावर अवलंबून नसून प्रवासी बोटीच्या कोणत्या मजल्यावर आहे यावर अवलंबून असते, हे या दोन लेखनांच्या तुलनेत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

न उतरलेले शब्द

आता कॉनराडचा निकष. मराठीजवळ जहाजाच्या कामाची भाषा नव्हती असे नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराब आणि गलबत यांचे प्रमाण कसे असावे येथपासून जहाजासाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत येथपर्यंत त्याचा आवाका आहे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) कोकणी दर्यावर्दींच्या शब्दांना मुबलक जागा मिळाली आहे. तांडेल, सारंग, नाळ, शीड, डोलकाठी, परबाण, सुकाणू हे शब्द जिवंत होते आणि किनाऱ्यावर आजही आहेत.

पण एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत परदेशी जाऊन प्रवासवर्णन लिहिणारा मराठी लेखक बहुधा शिक्षित, पांढरपेशा आणि उतारू होता. त्याची आगबोट परकीय कंपनीची, तिचे शब्द इंग्रजी : डेक, केबिन, कप्तान, स्टुअर्ड. बोट चालविणारे खलाशी पुष्कळदा रत्नागिरी किनाऱ्यावरचे, त्याच्याच भाषेच्या प्रदेशातले असत. परंतु त्यांचे शब्द त्याच्या पानावर आले नाहीत. तो डेकवर होता आणि ते खाली बॉयलरपाशी. परिणामी ‘सुकाणू’ आणि ‘शीड’ राजकीय अग्रलेखांत रूपक म्हणून स्थिरावले, ‘उधाण’ उत्साहाला आले, ‘भरती’ पोलिसांची होऊ लागली. मात्र समुद्रावर जाऊन आलेल्या ग्रंथांत हे शब्द आपल्या मूळ अर्थाने विरळच भेटतात. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या शीर्षकात धुके आणि तारा ही दोन्ही दर्यावर्दीच्या चिंतेची चिन्हे आहेत. पण तेथे धुके लंडनचे आहे आणि तारा रशियाचा. गंगाधर गाडगीळांच्या ‘साता समुद्रापलीकडे’मधले सात समुद्र लोककथेतून आलेले आहेत. मराठी शीर्षकांना समुद्र प्रिय आहे, एवढे यावरून दिसते. पुढे विमान आले आणि समुद्र खिडकीतून दिसणारा निळा पट्टा झाला.

ही उणीव केवळ भूतकाळाची नाही. नौदलातील दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने प्रस्थान ठेवले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. तिचे नावही आपल्याच एका नदीचे. दोंदे यांनी या प्रवासाचे पुस्तक लिहिले ते इंग्रजीत. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. शिडाच्या दोऱ्यांची आज शिकविली जाणारी भाषा इंग्रजीच आहे. मात्र दक्षिण महासागरातील वादळात एकट्या माणसाने शीड उतरविण्याचे वर्णन मराठीत करावयाचे झाले, तर त्यासाठी लागणारे शब्द मोल्सवर्थच्या कोशात आणि काही वृद्ध तांडेलांच्या तोंडी आहेत, आपल्या प्रवासवाङ्मयात नाहीत.

त्यांपैकी ‘परबाण’ हा शब्द मी एकदा वर्गात फळ्यावर लिहिला. शीड ज्या लांब वाशाला बांधतात तो वासा म्हणजे परबाण, असे सांगून मी एक उभी डोलकाठी आणि तिच्यावर काटकोनात आडवे परबाण असे चित्र काढले. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. पुढे एका चर्चासत्रात भेटलेल्या रत्नागिरीच्या सहकाऱ्याने ते चित्र पाहिले आणि खडूने दुरुस्त केले. आपल्या गलबतांचे शीड तिकोनी. परबाण डोलकाठीला तिरपे असते, नाळेकडचे टोक खाली आणि मागचे वर. मी काढले होते ते युरोपीय जहाज होते.